पापार्पण: कोणी आणायचे, काय आणायचे आणि याजकाचे काम कोणते

प्राचीन इस्राएलातील पापार्पणाचे, म्हणजे पापाच्या क्षमेसाठी देवाला करायच्या अर्पणाचे, नियम बायबलमधील लेवीय ग्रंथाच्या चौथ्या आणि पाचव्या अध्यायांत आहेत. ते क्रमाने वाचले की कळते, आपल्या पापासाठी आणलेले जनावर कापण्याचे काम ते आणणाऱ्याचेच होते. याजकाचे, म्हणजे पुरोहिताचे, काम रक्तापासून सुरू व्हायचे.

कोणाला लागू

एखादी आज्ञा नकळत मोडली गेली आणि ते नंतर ध्यानात आले, तर पापार्पण आणायचे. अशुद्ध वस्तूला नकळत शिवणे, अविचाराने शपथ घेणे, माहिती असूनही साक्ष न देणे हीदेखील यातलीच प्रकरणे. यांत आधी पाप स्वतःच्या तोंडाने कबूल करावे लागे. चोरी किंवा फसवणूक केली असेल, तर दोषार्पण लागे: मूळ वस्तू अधिक तिचा पाचवा हिस्सा मालकाला परत करायचा आणि मेंढा अर्पायचा. उद्दामपणे, देवाला आव्हान देत केलेल्या पापाला मात्र अर्पणाची सोय नव्हती. गणना ग्रंथाच्या 15व्या अध्यायात अशा माणसाचा समाजातून उच्छेद करावा असे सांगितले आहे.

काय आणायचे

हे हुद्द्यावर ठरे. अभिषिक्त, म्हणजे मुख्य, याजकाने पाप केले तर गोऱ्हा, सगळ्या मंडळीने केले तरी गोऱ्हा, अधिपतीने बकरा आणि सामान्य माणसाने बकरी किंवा मेंढी. म्हणजे एकट्या मुख्य याजकाच्या चुकीची किंमत अख्ख्या समाजाच्या चुकीएवढी धरली होती. जनावर निर्दोष हवे. आंधळे, लंगडे, जखमी चालत नसे.

पाचव्या अध्यायातल्या प्रकरणांत ऐपत नसणाऱ्याला दोन होले किंवा पारव्याची दोन पिल्ले चालत. त्यांतले एक पापार्पण, दुसरे होमार्पण, म्हणजे वेदीवर पूर्ण जाळायचे अर्पण. तेवढेही जमत नसेल, तर एफाचा दहावा भाग, म्हणजे साधारण दोन लिटर सपीठ, तेही तेल आणि ऊद न घालता. यात रक्ताचा थेंबही नाही, तरी प्रायश्चित्त पूर्ण होई. मला या सगळ्या नियमांत हीच तरतूद सर्वांत मोलाची वाटते. गरिबाला वेदीपासून माघारी पाठवण्याचा अधिकार याजकाला नव्हता.

प्रत्यक्ष विधी

अर्पण आणणारा जनावराच्या डोक्यावर हात ठेवी आणि होमबली कापतात त्याच जागी ते कापी. याजक बोटाने रक्त घेऊन होमवेदीच्या चारही शिंगांना लावी, उरलेले वेदीच्या पायथ्याशी ओती आणि चरबी वेदीवर जाळी. पक्षी असेल तर त्याची मान याजकच मुरगळी. सपीठ असेल तर त्यातले मूठभर वेदीवर जाळी, बाकीचे त्याचे.

मुख्य याजकाचे स्वतःचे किंवा साऱ्या मंडळीचे पाप असेल, तर रक्त दर्शनमंडपाच्या, म्हणजे पवित्र तंबूच्या, आत नेले जाई. तिथे परमपवित्र जागेपुढच्या पडद्यासमोर सात वेळा शिंपडून ते धूपवेदीच्या शिंगांना लावायचे. अशा गोऱ्ह्याचे मांस कोणी खायचे नाही, ते छावणीबाहेर नेऊन जाळायचे. इतर पापार्पणांचे मांस मात्र याजकांनी पवित्र जागीच खायचे, आणि तोही त्यांच्या सेवेचाच भाग होता. स्वतःच्या पापातून याजकाच्या ताटात काही पडू नये, याची काळजी नियमानेच घेतली होती.

शेवटी ग्रंथ म्हणतो, याजक प्रायश्चित्त करील आणि त्या माणसाला क्षमा होईल. क्षमा करणारा याजक नव्हे, देव.

याजकाची पात्रता आणि कागद

अर्पण आणणाऱ्याला वंशाचा पुरावा लागत नसे. याजकाला लागे: तो पहिला मुख्य याजक अहरोन याच्या वंशातला हवा आणि शारीरिक व्यंग असेल तर वेदीजवळ जायचे नाही, पवित्र अन्नातला वाटा मात्र मिळे. बाबेलच्या बंदिवासातून परतल्यावर काही याजक घराण्यांना वंशावळीच्या नोंदींत आपले नाव सापडले नाही. उरीम व थुम्मीम (देवाचा निर्णय विचारण्याची साधने) धारण करणारा याजक निर्णय देईपर्यंत त्यांना परमपवित्र अन्न खाण्यास मनाई झाली, असे एज्रा ग्रंथाच्या दुसऱ्या अध्यायात नोंदले आहे.

आज

इ.स. 70 मध्ये रोमनांनी यरुशलेमचे मंदिर पाडले आणि ही अर्पणे थांबली. प्रायश्चित्ताचा वार्षिक दिवस, सातव्या महिन्याचा दहावा, यहुदी समाज आता उपास आणि प्रार्थनेने पाळतो. कोकणात रुजलेले मराठीभाषक बेने इस्राएलही त्यांतलेच.