आयर्लंडमधील बेटांवरील सेवा आणि ग्रेहाऊंड शर्यतींचा निधी

ग्रामीण आयर्लंडवर होणाऱ्या सरकारी खर्चाबद्दलचे दोन जुने वादविषय. आयरिश संसदेच्या डॉल या सभागृहात ते वेगवेगळ्या खात्यांच्या नावाने येतात. पण दोन्हींच्या मुळाशी प्रश्न एकच आहे : गावाकडच्या माणसांच्या नावाने दिलेला पैसा नेमका कुठे जातो?

ग्रेहाऊंड हा सडपातळ, अतिशय वेगवान शिकारी कुत्रा. यांत्रिक सशामागे गोल धावपट्टीवर त्याला पळवण्याचा खेळ अमेरिकेत सुरू झाला. 1926 मध्ये तो इंग्लंडमधील मँचेस्टरला आणि 1927 मध्ये बेलफास्ट व डब्लिनला पोहोचला. 1958 च्या कायद्याने या उद्योगासाठी सरकारी मंडळ नेमले गेले. आज ते ‘ग्रेहाऊंड रेसिंग आयर्लंड’ या नावाने ओळखले जाते. खरी मेख मात्र 2001 च्या कायद्यात आहे. त्यानुसार घोडे आणि ग्रेहाऊंड यांच्या शर्यतींसाठी एकत्र निधी उभारला जातो, त्यातला 80 टक्के वाटा घोड्यांच्या आणि 20 टक्के ग्रेहाऊंडच्या शर्यतींना मिळतो. वाटणीचे हे प्रमाण ठरलेले असल्यामुळे घोड्यांसाठी निधी वाढला की कुत्र्यांचा वाटाही आपोआप वाढतो, मग प्रेक्षक कितीही घटोत. 2017 मध्ये डब्लिनचे हॅरल्ड्स क्रॉस हे ग्रेहाऊंड शर्यतींचे मैदान बंद झाले आणि सरकारच्याच शिक्षण खात्याने ते शाळेसाठी 2 कोटी 30 लाख युरोंना विकत घेतले.

जून 2019 मध्ये आरटीई या सार्वजनिक वाहिनीने एक अहवाल उजेडात आणला. तो खुद्द मंडळानेच करवून घेतला होता. पुरेसे वेगवान नाहीत म्हणून वर्षाला सुमारे 6,000 ग्रेहाऊंड मारले जातात, असा त्यात अंदाज होता. गरजेपेक्षा कितीतरी जास्त पिल्ले जन्माला घालायची आणि त्यातली वेगवान तेवढी ठेवायची, हे या धंद्याचे गणित त्यातून उघड झाले. काही प्रायोजकांनी हात काढून घेतला. त्यानंतर कुत्र्यांच्या देखभालीसाठी वेगळा निधी आणि प्रत्येक कुत्र्याचा माग ठेवणारी नोंदणी आली. या सुधारणा खऱ्या आहेत, पण अतिपैदाशीला त्यांनी आळा बसत नाही. ब्रिटनमध्ये धावणारे बहुतेक ग्रेहाऊंड आजही आयर्लंडमध्येच जन्मतात. उद्योगाच्या बाजूने बोलणारे खासदार रोजगाराचा, दोन-तीन कुत्री पाळणाऱ्या छोट्या मालकांचा आणि गावच्या करमणुकीचा मुद्दा मांडतात. तो खोटा नाही. मात्र त्याच मोजपट्टीने बेटांकडेही पाहायला हवे.

मुख्य भूमीला पुलाने न जोडलेली, वस्ती असलेली 20 हून अधिक बेटे आयर्लंडच्या किनाऱ्याजवळ आहेत. त्यांवर मिळून सुमारे 3,000 लोक राहतात. त्यांतल्या अनेक बेटांवर आयरिश ही रोजच्या बोलण्याची भाषा आहे. बोट, धक्का, डॉक्टर, शाळा यांपैकी एक जरी तुटले तरी तरुण कुटुंबे निघून जातात. ग्रेट ब्लास्केट बेटाचे हेच झाले. वादळामुळे डॉक्टर पोहोचू शकला नाही आणि एक तरुण दगावला. पुढे 1953 मध्ये उरलेल्या मोजक्या रहिवाशांना सरकारने मुख्य भूमीवर हलवले.

आज बोटी आणि ॲरन बेटांची विमानसेवा सरकारी अनुदानावर, ठरावीक मुदतीच्या कंत्राटांनी चालतात. कंत्राट संपत आले की बेटावर धाकधूक सुरू होते. 2018 मध्ये ॲरनच्या विमानकंपनीने सेवा थांबवण्याची नोटीस दिली होती. त्याच वर्षी टोरी बेटावर 40 वर्षांहून जुनी बोट लावल्याबद्दल लोक संतापले. बेटाचे परंपरागत ‘राजा’ पॅट्सी डॅन रॉजर्स त्या विरोधात आघाडीवर होते. जून 2023 मध्ये सरकारने 2033 पर्यंतचे राष्ट्रीय बेट धोरण जाहीर केले. बेटांवरची ओसाड घरे दुरुस्त करण्यासाठी 84,000 युरोंपर्यंत अनुदान मिळू लागले, हा त्यातला ठोस लाभ. पण शर्यतींच्या निधीला आहे तसा कायद्याने बांधलेला हिस्सा बेटांना नाही.

ग्रेहाऊंड शर्यतींच्या सरकारी निधीला विरोध असलेला ग्रीन पक्ष 2020 पासून 2025 च्या सुरुवातीपर्यंत सत्तेत असतानाही शर्यतींचा निधी थांबला नाही. 2025 साठी एकट्या ग्रेहाऊंड उद्योगाच्या वाट्याला सुमारे 1 कोटी 98 लाख युरो आले.