उजेड भरपूर, रस्ता मात्र दिसेना

नव्या गाडीचे एलईडी हेडलाइट शोरूमच्या आवारात डोळे दिपवतात, आणि जुलैच्या रात्री जांबोटी ओलांडून कणकुंबीकडे निघालं की ते लावलेत की नाही, अशी शंका येते. खानापूर, बेळगाव, निपाणी या पट्ट्यात अलीकडे गाडी बदललेल्यांना विचारून बघा. ‘जुन्या हॅलोजनमध्ये बरं दिसायचं’ असं सांगणारे हमखास भेटतात. तक्रार खरी आहे. त्यावरून ‘दिव्यात दम नाही’ असा निष्कर्ष काढून लोक बल्बच्या दुकानात धावतात, तिथे मात्र गडबड होते.

दम असतो. जुना एच-फोर हॅलोजन बल्ब लो बीमला, म्हणजे डिपरला, ५५ वॅट वीज खाऊन साधारण १००० लुमेन प्रकाश देतो. बाकीची बहुतेक वीज उष्णता होऊन जाते. एलईडी तेवढा प्रकाश कितीतरी कमी विजेत देतो. त्यात निळा प्रकाश देणारी चिप असते आणि तिच्यावर पिवळ्या फॉस्फरचा, म्हणजे निळ्यातला काही प्रकाश पिवळा करणाऱ्या पदार्थाचा, थर. निळा आणि पिवळा मिळून डोळ्याला पांढरा वाटतो. या निळ्या एलईडीसाठीच आकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं.

पण लुमेन म्हणजे दिव्यातून बाहेर पडणारा एकूण प्रकाश. तो कुठे पडतो, हे लुमेन सांगत नाही. बागेच्या पाइपमधून येणारं पाणी तेवढंच असतं. तोंडावर बोट ठेवलं की लांब जातं, नुसता पाइप सोडला की पायाशी सांडतं. नव्या गाड्यांच्या बहुतेक तक्रारींत प्रकाश असाच पायाशी सांडलेला असतो.

जरा हिशेब करू. दिवा जमिनीपासून ७० सेंटिमीटर उंच आहे असं धरा. समोरच्याच्या डोळ्यांत जाऊ नये म्हणून लो बीम किंचित खाली झुकवलेला असतो, बहुतेक गाड्यांत १ ते १.५ टक्के. एक टक्का म्हणजे दर मीटरला एक सेंटिमीटर. या झुकावाने प्रकाशाची वरची कड ७० मीटरवर जमिनीला टेकते. झुकाव २ टक्के झाला की तीच कड ३५ मीटरवर येते, आणि ३ टक्क्यांना २३ मीटरवर. एक आणि दोन टक्क्यांमधला फरक जेमतेम अर्ध्या अंशाचा, पण तेवढ्यात निम्मा रस्ता गायब.

आता गाळपाचा हंगाम आठवा. संकेश्वर किंवा चिकोडीच्या बाजूला दोन ट्रॉल्या जोडलेला उसाचा ट्रॅक्टर पुढे चाललाय, मागे दिवा नाही, आणि रेडियमची पट्टी असलीच तर लोंबणाऱ्या वाढ्यांखाली झाकलेली. ताशी ८० किलोमीटरला तुमची गाडी सेकंदाला २२ मीटर जाते. धोका दिसून पाय ब्रेकवर पडायला दीड सेकंद धरला तर ३३ मीटर गेले, आणि कोरड्या रस्त्यावर गाडी थांबायला आणखी चाळीसेक. दिवा बरोबर लावलेला असला तरी हा मामला काठावरचा आहे. ३५ मीटरवर संपणाऱ्या उजेडात तर विषयच मिटला.

हॅलोजनलाही हेच गणित लागू होतं, मग त्यात बरं का वाटायचं? जुन्या रिफ्लेक्टरच्या, म्हणजे बल्बमागे आरशाची वाटी असलेल्या, दिव्यात कडेच्या वरही थोडा प्रकाश गळायचा. पाट्या, झाडांच्या फांद्या, वळणावरचा कठडा अंधुक का होईना दिसायचा. प्रोजेक्टर लेन्सच्या एलईडीची कड सुरीने कापल्यासारखी असते: खाली लख्ख, वर काळोख. त्यातून बॉनेटसमोरचा पहिला पंधरा-वीस मीटरचा पट्टा झगझगीत असला की डोळा त्या उजेडाला सरावतो आणि लांबचं अंधुक दिसायचं बंद होतं. जवळचा उजेड जितका जास्त, तितकं लांबचं कमी. दिवा ‘पॉवरफुल’ दिसतो तो नेमका चुकीच्या जागी.

म्हणून सगळ्यात आधी स्टिअरिंगच्या उजवीकडे, गुडघ्याजवळचं ० ते ३ आकड्यांचं छोटं चाक बघा. मागे माणसं आणि डिकीत सामान भरलं की गाडीचं नाक वर उचलतं, तेव्हा बीम खाली घ्यायला ते असतं. गणपतीला घर भरून गावी जाताना कुणीतरी ते ३ वर नेतं, आणि मग ते तिथेच राहतं. एकट्याने गाडी चालवताना ते ० वर हवं. निम्म्या तक्रारी इथेच मिटत असाव्यात, असा माझा अंदाज आहे.

त्यानेही भागलं नाही तर भिंत शोधा. मंगल कार्यालयाच्या मागचं सपाट आवार यासाठी उत्तम. टायरमध्ये हवा बरोबर, ड्रायव्हर सीटवर बसलेला, गुडघ्याजवळचं ते छोटं चाक ० वर. गाडी भिंतीला जवळजवळ चिकटवून दोन्ही दिव्यांच्या मध्यबिंदूंच्या उंचीवर खडूने आडवी रेघ मारायची, मग गाडी सरळ ५ मीटर मागे घ्यायची. आता भिंतीवर प्रकाशाची कड स्पष्ट दिसते: उजवीकडे सपाट, डावीकडे चढत गेलेली. आपण रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतो. साइडपट्टी आणि तिथला पादचारी लांबून दिसावा म्हणून तो चढ मुद्दाम ठेवलेला असतो. सपाट भाग खडूच्या रेघेखाली पाच ते साडेसात सेंटिमीटरवर हवा. पंधरा-वीस सेंटिमीटर खाली असेल, तर तुमचा ‘खराब’ एलईडी सापडला. बऱ्याच गाड्यांत बॉनेटखाली दिव्यापाशी नेमका टक्का छापलेला असतो. दिव्यामागचा स्क्रू पाव-पाव फेरा फिरवत कड वर आणता येते. मात्र हौसेने रेघेच्या वर नेलीत तर समोरून येणारा एसटीवाला तुम्हाला अप्पर, म्हणजे हाय बीम, मारून त्याचं मत कळवेल.

आता पाऊस. इथे सेटिंग अचूक असूनही निराशा होते. कोरडं डांबर खरखरीत असतं. त्यावर पडलेला प्रकाश सगळीकडे विखुरतो आणि त्यातला थोडा मागे आपल्या डोळ्यांत येतो. पाण्याचा थर बसला की पृष्ठभाग आरशासारखा गुळगुळीत होतो, आणि प्रकाश पुढच्या पुढे, समोरून येणाऱ्याकडे निघून जातो. पांढऱ्या पट्ट्यांमधले काचेचे बारीक मणी एरवी प्रकाश उलट आपल्याकडे पाठवतात, पण तेही पाण्याखाली बुडतात. हे कुठल्याही दिव्याचं होतं. खानापूरच्या जंगलपट्ट्यात त्यात मातीची भर पडते. जांभ्याची तांबडी माती लोहाच्या ऑक्साइडमुळे निळा प्रकाश गिळते आणि तांबडा परतवते. हॅलोजनमध्ये तांबडा भाग भरपूर. एलईडीत निळ्याचा मोठा उंचवटा आणि गडद तांबड्याची चणचण. त्यामुळे साइडपट्टीची तांबडी कड हॅलोजनमध्ये जितकी उठून दिसे, तितकी एलईडीत दिसत नाही. अथणीकडच्या काळ्या मातीवर हा फरक फारसा जाणवणार नाही, कारण ती माती दोघांचाही प्रकाश सारखाच गिळते.

चोर्ला घाटातल्या धुक्याबद्दल मात्र एक गैरसमज घट्ट बसलाय. पिवळा प्रकाश धुकं ‘कापतो’ म्हणतात आणि पुरावा म्हणून आकाशाच्या निळेपणाचा नियम सांगतात: निळा प्रकाश जास्त विखुरतो, पिवळा-तांबडा कमी. तो नियम प्रकाशाच्या तरंगलांबीहून खूप लहान कणांसाठी आहे. धुक्याचा थेंब साधारण दहा-वीस मायक्रॉनचा, म्हणजे तरंगलांबीच्या वीस-चाळीस पट. तो सगळे रंग जवळपास सारखेच विखुरतो. फ्रान्सने १९३६ पासून १९९३ पर्यंत गाड्यांना पिवळे हेडलाइट सक्तीचे केले होते, तरी धुक्याने काही दाद दिली नाही. पिवळ्याने फायदा होतो तो डोळ्याला: निळसर प्रकाशाची तिरीप जास्त खुपते, विशेषतः पन्नाशीनंतर. फॉगलॅम्पचा खरा उपयोग त्याच्या जागेत आहे. तो खाली बसवलेला असतो, त्याचा बीम रुंद आणि आपल्या नजरेच्या रेषेखालून जाणारा, म्हणून धुक्यावरून उलटून येणारा प्रकाश डोळ्यांत कमी शिरतो. अप्पर लावलात तर समोर पांढरी भिंत.

आणखी एक गोष्ट गाडी धुणाऱ्या पोराला माहीत असते, मालकाला नसते. हॅलोजनची काच हाताला चटका देते, एलईडीची गार असते, कारण एलईडीची उष्णता मागच्या हीटसिंककडे, म्हणजे उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या भागाकडे, जाते. त्यामुळे ट्रकच्या चाकांनी उडवलेला चिखल काचेवर ओला, चिकट थर होऊन बसून राहतो. लांबच्या रात्रीच्या प्रवासात चहाला थांबलात की ओल्या फडक्याने काच पुसा, आणि विंडशील्ड आतूनही.

राहिला बाजारातला ‘दोनशे वॅट’चा बल्ब. कंपनीकडून एलईडी आलेल्या गाडीत सहसा बदलायला बल्बच नसतो, पूर्ण दिवा एकसंध असतो. आणि हॅलोजनच्या रिफ्लेक्टरमध्ये एलईडी बल्ब घातला तर हॅलोजनच्या तापून उजळणाऱ्या तारेच्या जागी चिपा येतात. रिफ्लेक्टरचा आकार त्या बारीक तारेच्या जागेवर बेतलेला असतो. उगम मिलिमीटरभर सरकला तरी कड फिसकटते आणि उजेड समोरच्याच्या डोळ्यांत सांडतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये मूळ रचनेत असा बदल बसत नाही, आणि वायरिंग कापलं की वॉरंटीचंही भांडण सुरू. त्यापेक्षा पुढच्या सर्व्हिसला ‘हेडलाइट अलाइनमेंट मशीनवर करा’ असं जॉबकार्डवर लिहून घ्या. पुढचा बंपर कधी उतरवला असेल तर तेही सांगा; दिव्याचा ब्रॅकेट तेव्हाच सरकतो. आपोआप लेव्हल होणारे दिवे असतील तर सस्पेन्शनजवळच्या सेन्सरचा दांडा वाकलाय का, हे बघायला लावा. आपल्याकडचे खड्डे लक्षात घेता तो वाकलेला निघण्याची शक्यता बरीच आहे.