कंपनीच्या ताब्यात काय जातं: फोन की फोनमधलं खातं?

दर महिन्याला मायक्रोसॉफ्ट इंट्यूनच्या, म्हणजे कर्मचाऱ्यांचे फोन आणि त्यांतला कंपनीचा डेटा सांभाळणाऱ्या सेवेच्या, नव्या सुविधांची आणि दुरुस्त्यांची यादी येते, आणि बडोद्यातल्या ऑफिसांत तोच गोंधळ नव्याने सुरू होतो. मकरपुरा जीआयडीसीतला सेल्समन विचारतो, "आता कंपनीला माझे फोटो दिसणार का?" अलकापुरीतला आयटीवाला ठणकावून सांगतो, "पॉलिसी लागली म्हणजे फोन मॅनेज झालाच." पहिल्याची भीती खोटी आणि दुसऱ्याचं उत्तर चुकीचं, कारण दोघांनीही दोन वेगळ्या गोष्टी एकच धरल्या आहेत. एक एमडीएम, म्हणजे मोबाइल डिव्हाइस मॅनेजमेंट. दुसरी एमएएम, म्हणजे मोबाइल अ‍ॅप मॅनेजमेंट. इंट्यून दोन्ही करतं, एकाच कन्सोलमधून करतं, म्हणून माणसं दोन्हींना एकाच नावाने ओळखतात.

एमडीएमवर फार वेळ घालवत नाही, ते बहुतेकांना माहीत असतं. फोन कंपनीत नोंदवला जातो, मग त्याला लॉक किती आकडी हवं, वाय-फाय कुठलं, कुठली अ‍ॅप्स आपोआप बसावीत हे कंपनी ठरवते. कंपनीने विकत घेऊन दिलेल्या फोनसाठी हीच पद्धत योग्य आहे. अँड्रॉइडवर 2014 च्या लॉलिपॉप आवृत्तीपासून वर्क प्रोफाइल आलं. तेही एमडीएमच, फक्त त्याचा अधिकार ब्रीफकेसचं चिन्ह असलेल्या कप्प्यापुरता राहतो. फोन नोंदवायच्या त्याआधीच्या जुन्या डिव्हाइस अ‍ॅडमिनिस्ट्रेटर पद्धतीला इंट्यूनने गूगल सेवा असलेल्या फोनांवर 31 डिसेंबर 2024 ला निरोप दिला, तेव्हा कुणी अजून त्यावर अडकून असेल तर आधी तिथून निघा.

आता मुख्य गोष्ट. एमएएममध्ये पॉलिसी, म्हणजे कंपनीने घातलेले नियम, फोनला चिकटत नाही, आणि बारकाईने पाहिलं तर अ‍ॅपलाही चिकटत नाही. ती चिकटते अ‍ॅपमधल्या कंपनीच्या खात्याला. हे एक वाक्य नीट समजलं तर बाकीचे निम्मे प्रश्न गळून पडतात, म्हणून त्यावर थोडं थांबतो.

समजा बडोद्यातल्या एका औषध कंपनीचा एमआर आहे, पादरा-डभोईच्या वाटेवर रोज फिरणारा. फोन त्याचा स्वतःचा. त्यात आउटलुक आहे आणि त्या एकाच आउटलुकमध्ये दोन खाती आहेत: कंपनीचं आणि घरचं. कंपनीच्या मेलमध्ये नवी दरपत्रिका आली. ती त्याने कॉपी करून व्हॉट्सअ‍ॅपवर टाकायचा प्रयत्न केला तर तिथे मजकुराऐवजी 'तुमच्या संस्थेचा डेटा इथे पेस्ट करता येणार नाही' अशा अर्थाची ओळ उमटते. त्याच आउटलुकमधल्या घरच्या खात्यातून मुलीच्या शाळेची नोटीस कॉपी केली तर ती व्हॉट्सअ‍ॅपवर बिनतक्रार जाते. अ‍ॅप तेच, फोन तोच, बोटही तेच. बदललं फक्त खातं. अ‍ॅप स्वतः लक्षात ठेवतं की समोरचा मजकूर कुठल्या खात्याचा आहे, आणि त्याप्रमाणे दार उघडं ठेवतं किंवा बंद करतं.

हे अ‍ॅपला जमतं कारण ते बनवणाऱ्याने त्यात इंट्यूनचं एसडीके, म्हणजे मायक्रोसॉफ्टने दिलेला तयार कोड, घातलेलं असतं, किंवा कंपनीने स्वतःचं अ‍ॅप रॅपिंग टूलमधून काढून त्यावर तसंच आवरण चढवलेलं असतं. व्हॉट्सअ‍ॅपमध्ये ते नाही. त्यामुळे "व्हॉट्सअ‍ॅपवर पॉलिसी लावा" ही साहेबांची फर्माइश पुरी होऊ शकत नाही. व्हॉट्सअ‍ॅपकडे जाणारा रस्ता आउटलुकच्या बाजूने अडवता येतो, एवढंच. आणि कुणी लॅपटॉपच्या पडद्याचा फोटो दुसऱ्या फोनने काढला, तर त्यावर कुठल्याच पॉलिसीचा इलाज नाही. तो माणसाच्या सचोटीचा प्रश्न आहे.

पिनचाही घोळ इथेच होतो. आउटलुक उघडताना वेगळा पिन मागतो, म्हणून लोक म्हणतात, "बघा, कंपनीने माझ्या घरच्या मेललाही कुलूप घातलं." तसं नाही. आउटलुकमध्ये दोन्ही खात्यांचे मेल एकत्र दिसू शकतात, म्हणून ते दारातच पिन मागतं. वनड्राइव्हमध्ये मात्र कंपनीच्या फाइलींकडे वळल्यावरच पिन येतो. नियम एकच आहे, दोन अ‍ॅप्सची मांडणी वेगळी आहे.

आता वाइप, म्हणजे पुसून टाकणं. मला सर्वांत जास्त राग या शब्दाच्या ढिसाळ वापराचा येतो, कारण यातून माणसं खरोखर घाबरतात. ही भीती अगदीच हवेतून आलेली नाही. पूर्वी अँड्रॉइडच्या साध्या मेल अ‍ॅपमध्ये एक्स्चेंजचं, म्हणजे ऑफिसच्या मेल सर्व्हरचं, खातं जोडलं की 'सर्व डेटा पुसण्याची' परवानगी मागितली जायची, आणि सर्व्हरवरून हुकूम सुटला तर खरोखर सगळा फोन कोरा व्हायचा. ज्यांनी ती परवानगी वाचली त्यांच्या मनात ती अजून बसली आहे. म्हणून तीन शब्द वेगळे ठेवा. वाइप म्हणजे नोंदवलेल्या पूर्ण फोनचं फॅक्टरी रिसेट. रिटायर म्हणजे नोंदणी काढून कंपनीने घातलेलं तेवढं काढणं. सिलेक्टिव्ह वाइप म्हणजे अ‍ॅपच्या आतलं कंपनीच्या खात्याचं जे आहे तेवढंच पुसणं. पहिले दोन एमडीएमचे, तिसरा एमएएमचा. सिलेक्टिव्ह वाइपनंतर आउटलुक फोनवरच राहतं, घरचं खातं त्यात राहतं, गॅलरीतले फोटो राहतात.

सिलेक्टिव्ह वाइपबद्दल आयटीवाल्यांचाही एक भ्रम असतो. त्यांना वाटतं, बटण दाबलं की डेटा गेला. हुकूम अंमलात येतो तो अ‍ॅप उघडल्यावर. अ‍ॅप चालू असलं तरी अर्धा तास लागू शकतो. राजीनामा दिलेल्या माणसाने आउटलुक उघडलंच नाही तर हुकूम वाट बघत बसतो. यासाठी ऑफलाइन सवलतीची मुदत असते: ठरावीक दिवस अ‍ॅपने सर्व्हरशी संपर्क केला नाही तर ते स्वतःहून कंपनीचा डेटा पुसतं. मूळ सेटिंगमध्ये ही मुदत 90 दिवसांची आहे. माझ्या मते फिरत्या विक्रीवाल्यांच्या कंपनीसाठी ही मुदत फार लांब आहे. ती कमी करावी, आणि खातं बंद झालं की डेटा पुसण्याची अट वेगळी चालू ठेवावी.

या पुसण्यातून एक गोष्ट निसटते आणि ती बडोद्यातल्या औषध कंपन्यांना थेट लागते: डॉक्टरांचे नंबर. आउटलुकमधले संपर्क फोनच्या संपर्कयादीत उतरवू दिले, तर फोन वाजताना डॉक्टरसाहेबांचं नाव दिसतं, सोय होते. सिलेक्टिव्ह वाइप हे उतरवलेले संपर्क काढतं. पण फोनच्या यादीतून ते पुढे कुणाच्या वैयक्तिक गूगल खात्यात जाऊन बसले असतील तर तिथून कंपनीला ते काढता येत नाहीत. तेव्हा ही परवानगी द्यायची की नाही, हे विक्रीप्रमुखाला शेजारी बसवून ठरवा. ते एकट्या आयटीच्या हाती सोडू नये.

दुसरा मोठा गैरसमज इंट्यूनच्याच कंपनी पोर्टल या अ‍ॅपमुळे होतो. अँड्रॉइडवर एमएएमची पॉलिसी चालायला कंपनी पोर्टल फोनवर असावं लागतं. ते नुसतं बसलेलं असलं तरी पुरतं. त्यात साइन-इन करून फोन नोंदवावा लागत नाही. पण लोक ते चिन्ह बघतात आणि ठरवतात की फोन कंपनीचा झाला. त्याहून वाईट म्हणजे, काही ठिकाणी घाईत कुणी तरी पोर्टल उघडून साइन-इन करायला सांगतं, पुढच्या पडद्यांवर 'कंटिन्यू' दाबत जायला सांगतं, आणि माणसाचा स्वतःचा फोन खरोखरच नोंदवला जातो. अँड्रॉइडवर तरी वर्क प्रोफाइलपुरतं निभावतं. आयफोनची साधी नोंदणी झाली तर कंपनीला तो पूर्ण फोन पुसता येतो. अ‍ॅपलने 2019 मध्ये आयओएस 13 बरोबर कर्मचाऱ्याच्या स्वतःच्या फोनसाठी वेगळी युजर एनरोलमेंट आणली, तिच्यात हा अधिकार नाही; पण कुठली नोंदणी चालली आहे हे पडद्यासमोरच्या माणसाला कोण सांगतं? माझं मत पक्कं आहे: फोन कर्मचाऱ्याच्या पैशाचा असेल तर तो नोंदवू नये. एमएएम पुरेसं आहे, आणि तेच न्याय्य आहे.

आपला फोन नोंदवला आहे का, हे स्वतः बघता येतं. आयफोनवर सेटिंग्जमध्ये जनरल, तिथे 'व्हीपीएन अँड डिव्हाइस मॅनेजमेंट'. तिथे कंपनीचं प्रोफाइल असेल तर नोंदणी झालेली आहे. अँड्रॉइडवर अ‍ॅप्सच्या यादीत 'वर्क' नावाचा वेगळा टॅब आणि ब्रीफकेसचं चिन्ह दिसलं तर वर्क प्रोफाइल आहे. यातलं काहीच नाही आणि फक्त आउटलुक पिन मागतं, तर तुम्ही एमएएमवर आहात. तुमचे कॉल, एसएमएस, फोटो, ब्राउझरमधला इतिहास हे इंट्यूनमधून कंपनीला दोन्ही पद्धतींत दिसत नाही. एमएएममध्ये दिसतं ते कुठल्या खात्यावर, कुठल्या फोनवर, कुठल्या अ‍ॅपमध्ये पॉलिसी लागली आणि शेवटचा संपर्क कधी झाला, इतपत.

हे लक्षात ठेवून महिन्याची यादी वाचली तर ती वेगळी दिसू लागते. तिच्यात 'अ‍ॅप मॅनेजमेंट' हा विभाग असतो आणि त्याच्याखाली दोन्ही जातींच्या ओळी शेजारीशेजारी येतात. अ‍ॅप फोनवर कसं पाठवावं, कसं बसवावं, कसं काढावं या ओळी नोंदवलेल्या फोनांच्या. अ‍ॅपच्या आतला डेटा कसा राखावा या ओळी एमएएमच्या. अ‍ॅप कंपनीने पाठवलं म्हणून त्यातला डेटा सुरक्षित झाला असं होत नाही, आणि डेटा सुरक्षित आहे म्हणून ते अ‍ॅप कंपनीने पाठवलेलं असावं असंही नाही. प्रत्येक ओळीला हा एक प्रश्न विचारा, मग पुढे जा.

'नव्याने उपलब्ध झालेली संरक्षित अ‍ॅप्स' ही ओळ तर जवळजवळ दर वेळी असते आणि जवळजवळ दर वेळी चुकीची वाचली जाते. तिचा अर्थ एवढाच, की या अ‍ॅप्समध्ये आता एसडीके आलं आहे आणि तुम्हाला हवं तर ती पॉलिसीत घेता येतील. पॉलिसीत एकेक अ‍ॅप निवडलेलं असेल, तर नवीन नाव तुम्ही स्वतः जोडेपर्यंत त्यातला डेटा उघडाच आहे.

स्क्रीनशॉटची गोष्ट आठवा. अ‍ॅप पॉलिसीतून पडद्याचा फोटो अडवण्याची सोय बराच काळ फक्त अँड्रॉइडवर होती. मग आयफोनसाठीच्या एसडीकेच्या नव्या आवृत्त्यांत ती आली, तीही अशी की कंपनीचा डेटा बाहेरच्या अ‍ॅप्सना पाठवण्यावर बंधन असेल तिथे स्क्रीनशॉटही आपोआप अडला. ज्यांनी ती ओळ वाचली नव्हती त्यांच्याकडे तक्रारी आल्या: "कंपनीने माझा कॅमेरा बंद केला." कॅमेऱ्याला कुणी हात लावला नव्हता. कंपनीच्या खात्याचा मजकूर पडद्यावर असतानाच स्क्रीनशॉट अडत होता.

आणि ही दुरुस्ती किंवा सुविधा फोनवर पोचते कशी, यातही दोन फोनांचे दोन मार्ग आहेत. अँड्रॉइडवर एमएएमचं बरंचसं काम कंपनी पोर्टल करतं. म्हणून पोर्टल अपडेट झालं की फोनवरच्या अनेक अ‍ॅप्सना दुरुस्ती एकदम मिळते. आयफोनवर तो कोड प्रत्येक अ‍ॅपच्या पोटात असतो. त्यामुळे आउटलुकला दुरुस्ती मिळाली तरी दुसऱ्या कंपनीच्या अ‍ॅपला ती मिळेल ती त्या कंपनीने नवं एसडीके घालून नवी आवृत्ती काढल्यावरच. "यादीत दुरुस्त झालं लिहिलंय, आमच्याकडे अजून तसंच आहे" अशी तक्रार आली की मी आधी फोन कुठला ते विचारतो. अँड्रॉइड असेल तर पोर्टलची आवृत्ती बघतो, आयफोन असेल तर त्या अ‍ॅपची.

हे हाताने प्रत्येकाच्या मागे लागून करू नका. पॉलिसीतल्या कंडिशनल लाँचमध्ये, म्हणजे 'या अटी पूर्ण असतील तरच उघड' सांगणाऱ्या भागात, अँड्रॉइडसाठी कंपनी पोर्टलची किमान आवृत्ती आणि आयफोनसाठी एसडीकेची किमान आवृत्ती घालता येते. पहिले काही दिवस ती नुसती इशारा देणारी ठेवा, आणि बाजारात फिरणाऱ्यांना संध्याकाळी घरच्या वाय-फायवर अपडेट करायला सांगा. बहुतेकांचं झालं की मग तीच अट अ‍ॅप अडवणारी करा. एकदम अडवणारी लावली तर सोमवारी सकाळी करजणच्या दवाखान्याबाहेर उभ्या असलेल्या माणसाचं आउटलुक बंद पडेल, आणि त्याला वाटेल कंपनीने त्याचा फोन बंद केला.