त्रिमूर्तीनगरातले तीन र

उन्हाळ्याच्या सुट्ट्या लागल्या की नागपुरात फोनिक्स क्लासच्या पाट्या दिसू लागतात. अक्षराचं नाव नको, आवाज शिकवा. ‘बी’ नव्हे, ‘ब्’ म्हणा. मग आवाजाला आवाज जोडून शब्द वाचा. इंग्रजी माध्यमाच्या पालकांना हे आता पाठ झालंय.

इंग्रजीला याची गरज आहेच. अक्षरं २६, आवाज ४४च्या आसपास. टफ (tough), दो (though) आणि थ्रू (through) या तिन्ही शब्दांच्या शेवटी तीच चार अक्षरं, उच्चार मात्र तीन. तिकडे बरीच वर्षं अख्खा शब्द चित्रासारखा ओळखायला लावत आणि अडलं की अंदाज करायला सांगत. २००० साली अमेरिकेच्या नॅशनल रीडिंग पॅनेलनं आधीचे प्रयोग तपासून पद्धतशीर फोनिक्सच्या बाजूनं कौल दिला. वाचन जन्मजात येत नाही, हे त्यामागचं कारण. लेखनाचा शोध जेमतेम पाच हजार वर्षांपूर्वीचा, तेवढ्यात मेंदूत त्यासाठी वेगळी जागा तयार होणं शक्यच नव्हतं. वस्तू आणि चेहरे ओळखणाऱ्या भागातलाच एक तुकडा, डाव्या बाजूला मागे-खाली, सरावानं अक्षरांच्या कामाला लागतो. शिकवलं नाही तर लागत नाही.

मराठीला हे दुखणं नाही, असं आपण समजतो. क म्हणजे क, लिहिलं तसं बोललं. मग तिसरीतलं पोरगंही जोडाक्षर आलं की का अडतं?

‘त्रिमूर्तीनगर’ ही पाटी पहिली-दुसरीतल्या मुलाच्या डोळ्यांनी वाचून पाहा. सुरुवातीला दिसते पहिली वेलांटी, पण ती उच्चारायची सगळ्यात शेवटी. त्याआधी त्, मग र्, आणि हा र म्हणजे त-च्या पोटात घुसलेली एक तिरपी रेघ. पुढे ‘र्ती’. इथला र ती-च्या डोक्यावर बसलाय, पण बोलायचा ती-च्या आधी; म्हणजे नजर पुढे जाऊन मागे यायला हवी. शेवटी ‘नगर’मधला र, आपल्या ओळखीचा, अख्खा. त्याच्यात ‘अ’ लपलेला असतो असं बाई सांगतात, पण ‘नगर’ म्हणताना तो कोणी उच्चारत नाही. एका पाटीत र-ची तीन रूपं. मुलानं ‘र रथाचा’ म्हणून घोकलेलं असतं त्यातलं एकच.

लपलेल्या ‘अ’चा घोळ तर रोजचाच. ‘धरमपेठ’मध्ये अक्षरं पाच, पण तोंडून निघतं धरम्-पेठ्. धरमपेठ आधी ऐकलेली नसेल तर कुठला अ गिळायचा हे पाटी सांगत नाही. ‘चाक’ आणि ‘चित्र’ यांतला च वेगळा, खूण मात्र एकच. घरी हिंदी बोलणारी मुलं या शहरात कमी नाहीत. त्यांना देवनागरी येत असली तरी हा च नव्यानं शिकावा लागतो.

शिवाय संख्या. बाराखडीची घरं मोजली तर ४००च्या आसपास जातात, जोडाक्षरं वेगळीच. आपल्यासारखीच लिपी असलेल्या कन्नडमध्ये सोनाली नाग यांनी २००७ साली मांडलेल्या अभ्यासात अक्षरं पक्की व्हायला तिसरी-चौथी उजाडते असं दिसलं. आणि अक्षराच्या आतला सुटा आवाज ऐकू येणं ही शिकण्याचीच गोष्ट आहे. पोर्तुगालमध्ये १९७९ साली झालेल्या प्रयोगात निरक्षर प्रौढांना शब्दाचा पहिला आवाज काढून उरलेलं म्हणणं जमलं नाही. मोठेपणी वाचायला शिकलेल्यांना बरंच जमलं.

म्हणून मला बाराखडी हे आपलं अस्सल फोनिक्स वाटतं, पण घोकंपट्टीच्या बाहेर काढलेलं. क का कि की हे पाढ्यासारखं सुरात म्हणणाऱ्या मुलाला मधलंच ‘कू’ दाखवा, बरीच मुलं मनातल्या मनात पहिल्यापासून सुरू करतात. त्यापेक्षा फळ्यावर एकच उकार ठेवून व्यंजनं बदलावीत: कु, मु, टु. ‘मि’चा ‘मी’, ‘मी’चा ‘मे’ करून घ्यावा. ‘त्रि’ हळू बोलून त्यातले तीन आवाज बोटांवर मोजावेत. माझ्या मते ‘क कमळाचा’वर जाणारे निम्मे तास इकडे वळवायला हरकत नाही.

खरंच वाचता येतं की पाठ झालंय, हे कळायला इंग्लंडनं २०१२पासून एक युक्ती शाळांत आणली आहे. सहाएक वर्षांच्या मुलांना ४० शब्द वाचायला देतात, त्यातले निम्मे निरर्थक. आपल्याकडे शिक्षकांना हे पाच मिनिटांत करता येईल: झेरपो, गुर्डे, टिमके. अंदाजाला वावच नाही.

उलट बाजूही आहे. १९८६ साली गॉफ आणि टनमर या संशोधकांनी वाचनाचं सूत्र मांडलं: उलगडा (म्हणजे अक्षरांवरून शब्द वाचणं) गुणिले आकलन. एक शून्य असेल तर उत्तर शून्य. आमच्याकडची मुलं पुस्तकात ‘मला’ लिहिलेलं असताना ‘मले’ वाचतात आणि ओरडा खातात. खरं तर त्या पोट्ट्याचं आकलन पक्कं आहे, अर्थ कळला म्हणूनच घरचा शब्द तोंडात आला. त्याचं बोट ‘ला’च्या कान्यावर ठेवून पुन्हा वाचून घेतलं की पुरे.