‘फ्री’ डीव्हीडी सॉफ्टवेअरच्या नावामागे काय दडलं होतं?

आजोबांच्या सहस्रचंद्रदर्शनाचं शूटिंग आत्याला गावी पाठवायचं होतं. तिच्या टीव्हीला अजून डीव्हीडी प्लेअरच जोडलेला आहे, पेन ड्राइव्ह लावायची सोय नाही. ‘फ्री’ असं ठळक लिहिलेलं एक सॉफ्टवेअर उतरवून घेतलं आणि रात्रभर संगणक चालू ठेवला. सकाळी डिस्क लावून पाहिली तर औक्षणाच्या ताटापासून आजोबांच्या कपाळापर्यंत सॉफ्टवेअरचं नाव आडवं पसरलेलं. ते काढायचं तर पैसे भरा. त्या दिवशी फार वाईट वाटलं आणि मग या ‘फ्री’चा माग काढायला बसलो.

डीव्हीडी प्लेअर पहिल्यांदा विकायला आले ते नोव्हेंबर १९९६ मध्ये, जपानात. साध्या प्लेअरला मोबाइलमधली फाइल कळत नाही. त्याला चित्र लागतं एमपेग-२ या पद्धतीने बांधलेलं. आपल्याकडच्या टीव्हीच्या पाल पद्धतीत ते ७२० बाय ५७६ ठिपक्यांचं आणि सेकंदाला २५ चौकटींचं, आणि चित्राच्या माहितीचा वेग सेकंदाला ९.८ मेगाबिटच्या आत. आवाजाचेही ठरलेले प्रकार आहेत. शिवाय सगळं ‘व्हिडिओ_टीएस’ नावाच्या फोल्डरमध्ये ठरावीक मांडणीने बसवावं लागतं. चित्र-आवाजाच्या व्हीओबी फाइल्स प्रत्येकी एक जीबीच्या आत. कुठे काय आहे हे सांगणाऱ्या आयएफओ फाइल्स वेगळ्या. आणि डिस्कवर ओरखडा गेला तर हाताशी असावी म्हणून त्या आयएफओची बीयूपी नावाने आणखी एक प्रत. म्हणजे कामं तीन: रूपांतर, मांडणी आणि डिस्क राइट करणं. नुसती एमपीफोर फाइल कोऱ्या डीव्हीडीवर टाकून जुन्या प्लेअरवर काही दिसत नाही, ते यामुळे.

खरी गोम पहिल्या कामात होती. एमपेग-२ वर अनेक कंपन्यांची पेटंटं होती. १९९७ पासून एमपेग एलए ही संस्था त्या सगळ्यांच्या वतीने एकत्र परवाने देऊ लागली. २००२ पासून दर होता प्रतीमागे अडीच डॉलर. हिशेब करून पाहा: एखाद्याने आपलं सॉफ्टवेअर एक लाख लोकांना फुकट वाटलं, तर त्याच्या डोक्यावर अडीच लाख डॉलरचं देणं. ‘फ्री’ म्हणून दिलेल्या सॉफ्टवेअरमध्ये पंधरा दिवसांची मुदत, अर्धाच व्हिडिओ, चित्रावर नाव, नाहीतर इन्स्टॉल करताना सोबत घुसणारा भलताच टूलबार का असायचा, याचं एक मोठं कारण मला इथे सापडलं. मायक्रोसॉफ्टलाही हा खर्च जाणवत होता. विंडोज व्हिस्टामध्ये ‘डीव्हीडी मेकर’ दिला तोही वरच्या दर्जाच्या आवृत्त्यांमध्येच. विंडोज ८ मधून तर तो गेलाच, आणि परवान्याच्या खर्चाचा हवाला देत साधी डीव्हीडी दाखवण्याची सोयही मूळ विंडोजमधून काढली गेली.

दुसरी वाट वेगळ्याच लोकांनी पाडली. फ्रान्सचे प्रोग्रामर फाब्रिस बेलार यांनी २००० मध्ये एफएफएमपेग हे चित्र-आवाजाचं रूपांतर करणारं सॉफ्टवेअर सुरू केलं. त्याचा सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रामरने लिहिलेला मूळ मजकूर, सर्वांसाठी खुला; कोणीही घ्यावा, बदलावा, पुढे द्यावा. प्रती मोजणारं कोणी नाही, विकणारंही नाही. मांडणीचं काम डीव्हीडीऑथर या अशाच खुल्या प्रोग्रामने उचललं. पेटंटची टांगती तलवार मात्र यांच्यावरही होती. विंडोजऐवजी वापरता येणाऱ्या खुल्या लिनक्सच्या फेडोरासारख्या आवृत्त्यांमध्ये असले भाग वर्षानुवर्षे ठेवलेच जात नव्हते. आणि हे प्रोग्राम चालायचे आज्ञा टाइप करून. घरच्या माणसाला ते जमण्यासारखं नव्हतं. त्यांच्यावर बटणांची खिडकी चढवली ती डीव्हीडीस्टायलर, डेव्हेडे आणि डीव्हीडी फ्लिक यांनी. डीव्हीडी फ्लिक फक्त विंडोजवर चालायचं आणि २००९ नंतर त्याचं काम थांबलं. पण या तिघांचाही परवाना जीपीएल, म्हणजे सोर्स कोड खुलाच ठेवायला लावणारा. त्यामुळे उद्या कोणी त्यात वॉटरमार्क, म्हणजे चित्रावर पसरणारं ते नाव, घातलाच, तर सोर्स कोड उघडून दुसरा कोणीही तो काढून टाकू शकतो. मराठीत ‘फुकट’ आणि ‘मुक्त’ हे दोन शब्द वेगळे आहेत याचं मला इथे फार अप्रूप वाटलं. शोधताना आपण पहिला शब्द मनात धरतो, कामाला येतो तो दुसरा.

डीव्हीडीवरच्या आवाजाच्या ठरलेल्या प्रकारांपैकी एक असलेल्या डॉल्बीच्या एसी-३ ची पेटंटं मार्च २०१७ मध्ये संपली आणि एमपेग-२ चं अमेरिकेतलं शेवटचं पेटंट फेब्रुवारी २०१८ मध्ये. तोवर लॅपटॉपमधून डीव्हीडी ड्राइव्हच गायब व्हायला लागले होते. वॉटरमार्कवाले प्रोग्राम मात्र ‘फ्री’चा बोर्ड लावून अजून उभे आहेत.

मी शेवटी डीव्हीडीस्टायलर घेतलं, तेही त्याच्या मूळ ठिकाणाहून, आणि इन्स्टॉल करताना प्रत्येक खूण वाचून. शूटिंग दोन तासांचं. ४.७ जीबीच्या डिस्कवर ते बसवायचं तर चित्र आणि आवाज मिळून सेकंदाला पाच मेगाबिटच्या आसपास येतात, तेवढ्यात चेहरे स्वच्छ दिसतात. पाल निवडलं, डिस्क कमी वेगाने राइट केली, म्हणजे जुन्या प्लेअरला वाचायला त्रास नको. आत्याचा रात्री फोन आला. औक्षणाच्या वेळी आजोबांनी डोळे पुसले होते, ते तिला पहिल्यांदाच दिसलं होतं.