परदेशस्थ तज्ज्ञांचा विकासकार्यातील सहभाग : ग्रामीण विदर्भ

परदेशात स्थायिक झालेल्या किंवा तेथे शिकून-राबून तयार झालेल्या शास्त्रज्ञ, डॉक्टर, अभियंता आदींचे ज्ञान मायदेशाच्या कामी आणण्याची पद्धत. देणगीपासून ती वेगळी मानतात. प्रत्यक्षात दोन्ही पुष्कळदा एकाच हातून येतात.

या कल्पनेचा उगम कोठे धरावा, याविषयी एकमत नाही. ‘ब्रेन ड्रेन’ (बुद्धिमंतांचे परदेशगमन) हा शब्द १९६० नंतरच्या दशकात ब्रिटिश शास्त्रज्ञांच्या अमेरिकेकडील ओघावरून रूढ झाला. गेलेल्या माणसाला कायमचे न बोलावताही त्याच्या ज्ञानाचा उपयोग करून घेता येईल, हा विचार संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या ‘टोकटेन’ (परदेशस्थ नागरिकांमार्फत ज्ञानहस्तांतर) योजनेत (१९७७, प्रारंभ तुर्कस्तानात) सुसूत्रपणे मांडला गेला. तज्ज्ञाने थोड्या आठवड्यांसाठी यावे, प्रवासखर्च व दैनिक भत्ता घ्यावा, सल्ल्याचे शुल्क मात्र घेऊ नये, असे तिचे स्वरूप होते. भारतात ती १९८० च्या सुमारास आली. तज्ज्ञाला बोलावणारी यजमान संस्था लागत असल्याने तिचा ओढा साहजिकच प्रयोगशाळा व विद्यापीठांकडे राहिला. ग्रामपंचायत काही यजमान होऊ शकत नव्हती. काही अभ्यासक परदेशस्थ भारतीयांविषयीच्या लक्ष्मीमल्ल सिंघवी समितीचा अहवाल (२००२) आणि त्यानंतरचा प्रवासी भारतीय दिवस (९ जानेवारी, २००३ पासून) हा खरा आरंभ मानतात. सरकारी धोरणापुरते ते ग्राह्य आहे, प्रघातापुरते नाही. ९ जानेवारी हा गांधीजींच्या १९१५ मधील परतीचा दिवस.

विदर्भात हा प्रघात टोकटेनच्या बराच आधीचा दिसतो. वर्ध्यात जन्मलेले पांडुरंग सदाशिव खानखोजे (जन्मवर्ष बहुधा १८८४, काही ठिकाणी १८८६) क्रांतिकार्यासाठी देशाबाहेर पडले. अमेरिकेत त्यांनी शेतीचे शिक्षण घेतले आणि ब्रिटिश सत्तेविरुद्धच्या गदर चळवळीत भाग घेतला. १९२४ च्या सुमारास ते मेक्सिकोत पोहोचले. तेथे चापिंगोच्या राष्ट्रीय कृषिशाळेत त्यांनी अध्यापन केले, मक्याच्या संकरित वाणांवर संशोधन केले आणि गरीब शेतकऱ्यांसाठी मोफत कृषिशाळा उभारण्यात पुढाकार घेतला. स्वातंत्र्यानंतर, १९४९ च्या सुमारास, प्रांतिक सरकारच्या निमंत्रणावरून ते शेतीविषयक सल्ल्यासाठी मायदेशी आले. परदेशस्थ तज्ज्ञाला सरकारने बोलावण्याचे हे विदर्भातील सर्वांत जुने ठळक उदाहरण म्हणता येईल. पुढे ते नागपुरात स्थायिक झाले व १९६७ मध्ये तेथेच वारले. त्यांच्या कामाची नोंद मेक्सिकोत जितकी तपशीलवार मिळते तितकी विदर्भात मिळत नाही, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

शिकून परतलेल्यांना या व्याख्येत घ्यावे की नाही, हा वाद उरतोच. एडिंबरो व ऑक्सफर्डला शिकलेले पापळचे (जि. अमरावती) पंजाबराव देशमुख (पुढे केंद्रीय कृषिमंत्री) यांना सहसा त्यात धरत नाहीत. अभय व राणी बंग यांचे उदाहरण सीमेवरचे आहे. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातून १९८४ मध्ये सार्वजनिक आरोग्याची पदवी घेऊन हे दांपत्य परतले आणि १९८६ च्या सुमारास गडचिरोलीत ‘सर्च’ संस्थेचे काम सुरू झाले. गावातील बायांना प्रशिक्षण देऊन नवजात बाळांची घरीच काळजी घेण्याचा त्यांचा प्रयोग ३९ गावांत झाला. तिसऱ्या वर्षी तुलनेच्या गावांच्या मानाने नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटल्याचे ‘लॅन्सेट’मध्ये १९९९ साली प्रसिद्ध झाले. २०११ पासून आशा कार्यकर्त्यांमार्फत ही पद्धत देशभर नेण्यात आली. बाहेरून आणलेली संशोधनपद्धती आणि गावातला हात, या दोन्हींखेरीज हे घडणे अवघड होते. म्हणून या उदाहरणाला येथे स्थान दिले आहे.

पैशाची बाजू कायद्याने बांधलेली आहे. परदेशात राहणाऱ्या भारतीय नागरिकाने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेली रक्कम विदेशी अंशदान (परदेशी स्रोताकडून आलेली देणगी) ठरत नाही. परदेशी नागरिकत्व घेतलेल्याची ठरते, मग तो मूळचा दारव्ह्याचा असो की वरुडचा. विदेशी अंशदान स्वीकारण्यासाठी संस्थेला २०१० च्या विदेशी अंशदान (विनियमन) कायद्याखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते, आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर अशी रक्कम भारतीय स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतील मुख्य शाखेतील खात्यातच घ्यावी लागते. लहान गावातील संस्थेला ही अट जाचक होते.

परदेशस्थ शास्त्रज्ञांना भारतातील संशोधनात सामील करून घेणाऱ्या ‘वज्र’ (२०१७) आणि ‘वैभव’ या अलीकडच्या केंद्रीय योजनाही संशोधन संस्थांमार्फतच चालतात. कोरडवाहू कापूस, संत्रा व सिकलसेल हा रक्ताचा आजार ही विदर्भातील त्यांची संभाव्य क्षेत्रे होत.