हाडं की अस्थी?

डॉक्टर एक्स-रेवर दाखवतात ते हाड. स्मशानातून मडक्यात भरून आणतो त्या अस्थी. वस्तू एकच, पण मराठीत या दोन शब्दांची अदलाबदल कुणी करत नाही. अमेरिकेतल्या मूलनिवासींची कायद्याची लढाई मला नेमकी याच फरकाची वाटते.

१९७१ साली आयोवा राज्यात रस्त्याचं काम चालू असताना जुनी दफनभूमी लागली. २६ गोऱ्यांचे अवशेष रीतसर दुसरीकडे पुरले गेले. तिथेच सापडलेल्या मूलनिवासी बाईची आणि तिच्या बाळाची हाडं मात्र अभ्यासासाठी प्रयोगशाळेत गेली. यांक्टन सू जमातीच्या मारिया पिअरसन यांना हे रस्ते विभागात काम करणाऱ्या नवऱ्याकडून कळलं आणि पारंपरिक पोशाख घालून त्या थेट गव्हर्नरांकडे गेल्या. १९७६ मध्ये आयोवाने अशा दफनांना संरक्षण देणारा कायदा केला. १९९० मध्ये संपूर्ण देशासाठी कायदा आला: सरकारी पैसा घेणाऱ्या संग्रहालयांनी आपल्याकडचे अवशेष आणि पवित्र वस्तू यांच्या याद्या करायच्या आणि ते सगळं ज्याचं त्याला परत द्यायचं. वॉल्टर इको-हॉक या पॉनी जमातीच्या वकिलांचा त्यात मोठा वाटा होता.

कायद्याची खरी परीक्षा १९९६ मध्ये झाली. वॉशिंग्टन राज्यात केनविक गावाजवळ कोलंबिया नदीकाठी एक सांगाडा मिळाला. वय सुमारे साडेआठ हजार वर्षं. कमरेच्या हाडात दगडी भाल्याचं टोक रुतलेलं, आणि त्याभोवती हाड पुन्हा वाढलेलं. म्हणजे जखम भरून आली होती, माणूस त्यानंतरही जगला होता. उमाटिला, याकामा, कोलविल वगैरे जमातींनी ‘हा आमचा पूर्वज’ म्हणून अस्थी मागितल्या. कवटीची ठेवण आजच्या मूलनिवासींसारखी दिसत नव्हती. म्हणून हाडांचा अभ्यास करू द्यावा, यासाठी आठ शास्त्रज्ञ कोर्टात गेले.

२००४ मध्ये अपील कोर्टाचा निकाल जमातींच्या विरोधात गेला, आणि तोही एका क्रियापदावर. कायद्यातल्या ‘मूलनिवासी’ या शब्दाच्या व्याख्येत इंग्रजी ‘इज’ आहे, म्हणजे वर्तमानकाळ. तेव्हा आज हयात असलेल्या जमातीशी नातं दाखवा, असं कोर्ट म्हणालं. मौखिक परंपरा हा पुरावा असू शकतो, असं कायद्यातच लिहिलेलं आहे. तरीही पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलेल्या कथा कोर्टाला पुरेशा भरवशाच्या वाटल्या नाहीत. हे मला अजूनही खटकतं.

२०१५ मध्ये कोपनहेगनचे जनुकशास्त्रज्ञ एस्के विलरस्लेव्ह यांच्या गटाने हाताच्या हाडाच्या तुकड्यातून डीएनए मिळवला. तुलनेसाठी कोलविल जमातीतल्या लोकांनी आपले नमुने दिले. हा माणूस जगातल्या इतर कुठल्याही लोकांपेक्षा आजच्या मूलनिवासींच्याच जवळचा निघाला. एकट्या कवटीच्या आकारावरून वंश ठरवता येत नाही, हेही त्याच अभ्यासात स्पष्ट झालं. एकाच समाजात डोक्यांचे आकार किती वेगवेगळे असतात, हे आपल्या घरातल्या लग्नाचा ग्रुप फोटो पाहिला तरी लक्षात येईल.

मग अस्थी जमातींना परत देण्यासाठी अमेरिकेच्या संसदेने कायद्यात खास तरतूद केली. फेब्रुवारी २०१७ मध्ये पाच जमातींच्या दोनशेहून अधिक माणसांनी त्या पूर्वजाला पुन्हा मातीत ठेवलं. जागा कुठली, हे त्यांनी बाहेर कुणालाही सांगितलेलं नाही.